न दिलेला खो

भूत, करणी, अंगात येणं… यातलं मी काही मानत नाही. तरुणपणी मानलं नाही आणि आता रिटायर झाल्यावरही मानत नाही. खरं म्हणजे आमच्या घरात मानायला सवडच नव्हती. माय म्हणायची, "ज्या घरची चूल दोन टाइम पेटत नाही, तिथं भूत तरी येऊन काय खाईन?"

तर त्या घरापासूनच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

नागपुरात पाचपावलीकडे तांडापेठ म्हणून वस्ती आहे, सगळी विणकरांची. आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीतली अर्धी जागा खड्ड्याच्या मागाने खाल्लेली. बाबा खड्ड्यात पाय सोडून दिवसभर लुगडी विणायचे. माय आणि मी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचो. रात्री मागाच्या भोवती जिथं जागा सापडेल तिथं झोपायचो. बांगलादेशची लढाई होऊन एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा सुताची फार टंचाई आली. माग आठवडा-आठवडा बंद पडायचे. दिवसा गल्लीतून चालताना एरवी दोन्ही बाजूंनी खटाक-खटाक आवाज यायचा, तो बंद झाला की कानांना कसंतरीच व्हायचं. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी… महिनोन्महिने तेच खाल्लं आहे आम्ही.

त्याच वर्षी मी मॅट्रिक पास झाले. घराण्यात पहिली. बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चरख्यापुढे बसले. कॉलेजची फी कुठून आणणार? मौद्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. कापडाचं दुकान, खाऊन-पिऊन सुखी. चैत्रात लग्न उरकायचं असं जवळजवळ ठरलंच होतं.

आता मंडळाबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या नागपूरकरांना नुसतं "टाकीजवळचं मंडळ" म्हटलं तरी कळेल. स्वातंत्र्याच्या आधी विणकर आणि गिरणी कामगारांनी मिळून काढलेलं. पाण्याच्या टाकीला लागून एका घराण्याची पडीक जागा होती, त्यांनी तोंडी वापरायला दिली होती. तिथं मल्लखांब होता, लेझीम होती, पण खरं नाव होतं ते खो-खोचं. दर उन्हाळ्यात वस्तीतली माणसं ग्राउंडची माती खणायची, ज्वारीच्या चाळणीने चाळायची, पुन्हा पसरून पाणी मारायची. एवढ्या दगडाळ वस्तीत त्या ग्राउंडवर पडलं तरी गुडघा फुटत नसे. माझ्या तर घरातल्या जमिनीपेक्षा ते ग्राउंड मऊ होतं.

आणि तिथे होते नत्थुजी गुरुजी. कोणत्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं, गिरणीत नोकरी होती, पण सगळे गुरुजीच म्हणायचे. उंच, सावळे, पायात कधी चप्पल नाही. आवाज असा की लांबच्या शुक्रवारी नावाच्या तलावापर्यंत ऐकू जाईल असं पोट्टे म्हणायचे. मुलींना खेळायला ग्राउंड देणारं आमच्या भागातलं ते पहिलं मंडळ, आणि ते केलं गुरुजींनी. सुरुवातीला वस्तीतली मोठी माणसं चिडली. पोरी चड्डी घालून सगळ्यांसमोर पळणार? गुरुजी म्हणाले, बरं, आडोसा करू. मग त्यांनी घरोघरी जाऊन विणताना बिघडलेली, दुकानदाराने परत पाठवलेली लुगडी मागून आणली आणि ग्राउंडच्या चारी बाजूंनी बांधली. हिरवी, जांभळी, तांबडी… कुठं पदर चुकलेला, कुठं काठ तुटलेला. पलीकडच्या वस्त्यांतले लोक "लुगड्याचं मंडळ" म्हणून हिणवायचे. वर्षभराने एका संध्याकाळी गुरुजींनी स्वतःच ती सगळी लुगडी सोडून टाकली. कोणी तरी विचारलं तर म्हणाले, "पाहू द्या ना. पाहून पाहून थकतीन अन् घरी जातीन."

तसंच झालं. पुढे तेच लोक मॅच बघायला आधी जागा धरून बसायचे.

खो-खो ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीवर आपापल्या चौकोनात उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. नववा पळणाऱ्याच्या मागे धावतो. त्याला वाटलं की बसलेल्याच्या पाठीमागे येऊन हात लावायचा आणि "खो" म्हणायचं, म्हणजे तो उठून धावतो आणि हा त्याच्या जागी बसतो. हात आणि आवाज दोन्ही पाहिजे. खो मिळाल्याशिवाय उठलं की फाउल. बाकी कितीही वाटलं, गडी समोरून हसत गेला, तरी बसून राहायचं. गुरुजी म्हणायचे, खो-खो पळण्याचा खेळ नाही, बसण्याचा आहे.

बहुतेक मुली खो देताना पाठीत धपका घालायच्या. गुरुजी शिकवताना द्यायचे तो खो वेगळा. पूर्ण तळहात, दोन खांद्यांच्या मधोमध, अलगद टेकवलेला… आणि "खो" हा आवाज कानाजवळ, न ओरडता. इतरांशी इतकं ओरडून बोलणारा माणूस खो मात्र हळू द्यायचा. त्या हाताने माणूस ढकलला जात नसे, आपोआप उठत असे. मला ते दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

तोंडाने मात्र सोडायचे नाहीत, मला तर रोज ऐकवायचे. "कुसमे, बसून राहिली का भाकरी थापून राहिली? टाच उचल." शकू म्हणून आमची कॅप्टन होती, गल्लीतलीच, माझ्याहून वर्षाने मोठी आणि तोंडाने गुरुजींची सख्खी नात शोभेल अशी. ती म्हणायची, "गुरुजी, पीठ देसान तर थापते ना. पीठ कुठं हाये?" आणि गुरुजी तोंड फिरवून हसायचे.

मंडळात एक रीत होती. मंडळाचा कोणी माणूस वारला की तेराव्या दिवसाची तेरवी झाल्यावर पहिल्या प्रॅक्टिसला त्याच्यासाठी मधल्या पट्टीवरचा एक चौकोन रिकामा ठेवायचा. कॅप्टनने धावत येऊन त्या रिकाम्या चौकोनामागे वाकायचं, हवेत हात टेकवायचा आणि खो द्यायचा. सगळ्यांनी एक श्वास थांबायचं. मग खेळ सुरू. मी लहान असताना मंडळाचे एक जुने खेळाडू गेले, तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं आणि गुरुजींना विचारलं, हे काहून?

ते म्हणाले, "गडी मेला तरी बसूनच रायते वं. त्याले उठवा लागते. बिना खो उठला त फाउल नाही का?"

मला ती रीत आवडायची. मान देण्याची एक पद्धत, एवढंच मी समजत होते. हे लक्षात ठेवा.

त्या पावसाळ्यात बातमी आली की जागा गेली. ज्या घराण्याची होती त्यांची मुलं मुंबईला, त्यांनी ती इतवारीच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी विकली. कोणाची चूक म्हणणार? कागद त्यांचाच होता. व्यापारी माणूसही वाईट नव्हता, गुरुजींनी विनंती केली तशी त्याने हिवाळ्यातली शेवटची टुर्नामेंट होईपर्यंत मुदत दिली. वस्तीतली म्हातारी माणसं संध्याकाळी ग्राउंडच्या कडेला येऊन नुसती बसायची. त्यातले काही तिथे लहानपणी खेळलेले, त्यांची मुलं खेळलेली. एक आजोबा माती मुठीत घेऊन पुन्हा खाली सोडत बसायचे.

गुरुजी मात्र रडले-बिडले नाहीत. ते आमच्या घरी आले. बाबा बंद मागावर नुसतेच बसले होते. गुरुजींनी सांगितलं की मुलींच्या एका कॉलेजच्या क्रीडा शिक्षिका फायनल बघायला येणार आहेत. टीम जिंकली आणि पोरगी त्यांच्या नजरेत भरली तर फी माफ, पुस्तकं कॉलेजची.

"अन् मौद्याचे लोक?" बाबा म्हणाले. "त्याईले काय सांगू?"

"फायनल होईस्तोवर काहीच सांगू नको."

"गुरुजी, हरली त मंग मी चैत्रात लग्न लावतो. मंग तुमी मंधात पडू नका."

"नाही पडत," गुरुजी म्हणाले. मग मागाकडे पाहून म्हणाले, "गणपत, तुहा माग तसाही बंद हाये. पोरीले तरी चालू राहू दे."

बाबांनी खाली मान घालून होकार दिला. म्हणजे माझं सगळं त्या एका मॅचवर आलं. जिंकलो तर कॉलेज, हरलो तर मौदा.

टुर्नामेंटला महिनाभर असताना गुरुजी गेले. गिरणीतून येताना छातीत कळ आली, घरी पोचून ओट्यावर बसले, आणि संपलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. शेवटचं पाणी द्यायला मंडळाचे खेळाडू उभे राहिले, ती रांग गल्लीच्या टोकापर्यंत होती. त्यात मोठे साहेब झालेले होते, रेल्वेत लागलेले होते, पोलिसात होते, हमाली करणारे होते. सगळे एकाच मातीत बसून वाढलेले.

तेरवीनंतरची पहिली प्रॅक्टिस. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, ग्राउंडच्या कडेला येऊन बसल्या होत्या. टाकीकडून दुसरा चौकोन गुरुजींसाठी रिकामा ठेवला होता, ते शिकवताना बहुतेक तिथेच बसून दाखवायचे म्हणून. शकू खांबापासून धावत निघाली, त्या चौकोनामागे आली… आणि उभी राहिली. वाकली नाही. हात पुढे केला नाही.

"काय झालं वं?" कोणी तरी हाक मारली.

शकू वळून काकूंना म्हणाली, "काकू, मी नाही देत खो. आत्ता नाही. गुरुजींची मॅच बाकी हाये. मॅच झाली की देईन. तोपर्यंत बसू द्या त्याईले."

म्हाताऱ्या माणसांत कुजबुज झाली. असं कधी कोणी केलं नव्हतं. एक जण म्हणालेही, गेलेल्या माणसाला असं अडकवून ठेवू नये. काकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "राहू द्या. तसंही त्याईले घरी बसनं कधी जमलं नाही. इथंच बसू द्या."

मग रोज प्रॅक्टिसला आम्ही आठाऐवजी सातच बसायचो आणि तो चौकोन रिकामा. मी त्याच्या शेजारी, टाकीकडच्या खांबालगतच्या चौकोनात बसायची. तिथे मला काही वाटायचं का? खरं सांगते, नाही. थोडं बरं वाटायचं एवढंच. शिकवणारा माणूस मागे असला की आपण टाच उचलून बसतो ना, तसं बसायची मी.

फायनलला अर्थातच सगळे चौकोन भरले. नियम नियम आहे. समोर शहरातल्याच जरीपटका वस्तीची टीम होती, फार चपळ मुली. पंच अमरावतीहून आलेले, आमच्यापैकी कोणाला ओळखत नव्हते आणि आम्हीही त्यांना ओळखत नव्हतो. दुपार कलली होती. ग्राउंडभोवती इतकी गर्दी की पोरं शेजारच्या शाळेच्या भिंतीवर चढून बसली होती. कॉलेजच्या मॅडमना लाकडी खुर्ची दिली होती. बाबा टाकीपाशी उभे होते, हात मागे बांधून.

खेळ किती चांगला झाला हे सांगत बसत नाही. दोन्ही टीम तोडीस तोड. शेवटची पाळी आमची पाठलागाची, गुण बरोबरीत, आणि वेळ संपत आलेली. एक गडी मारला की जिंकलो. त्यांची शेवटची मुलगी ग्राउंडवर होती, पुष्पा नावाची. बारीक, काडीसारखी, आणि अशी वळायची की तिच्या मागचा माणूस दोन पावलं पुढेच जायचा.

शकू तिला शाळेच्या भिंतीकडच्या खांबापर्यंत रेटत घेऊन गेली. तिथे पुष्पा खांबाला वळसा घालून पलीकडे गेली. शकूने खांब धरून अंग झोकून दिलं… हात चार बोटं कमी पडला आणि ती छातीवर आपटली. तिचा श्वास अडकला होता. तोंड उघडं, पण आवाज नाही. लोक ओरडत होते, "शके, ऊठ." ती उठू शकत नव्हती.

मी ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला, टाकीकडच्या खांबालगतच्या चौकोनात. पुष्पा गेली त्याच बाजूला तोंड करून बसलेली. पुष्पाने मागे वळून पाहिलं, शकू पडलेली दिसली, आणि ती माझ्या बाजूने धीम्या पावलांनी टाकीकडे यायला लागली. दमली होती. तिला माहीत होतं की आता वेळ संपेपर्यंत तिला कोणी काही करू शकत नाही. शकू उठून एखाद्या मुलीला खो देईपर्यंत तिला मोकळं रान होतं. ती माझ्यासमोर आली. हात लांबवून दोन पावलं टाकली असती तर लागली असती इतकी जवळ. आणि मी बसून. मला मौदा दिसत होता. खोटं कशाला बोलू, मला खरोखर ते कापडाचं दुकान दिसत होतं.

तेव्हा पाठीवर हात टेकला. पूर्ण तळहात, दोन खांद्यांच्या मधोमध, अलगद. आणि कानाजवळ, न ओरडता… "खो."

मी विचार केला नाही. उठले. पुष्पा अर्धवट वळली होती, तिचा तोल गेला, आणि माझी बोटं तिच्या खांद्याला लागली. पंचांची शिट्टी. लगेच वेळ संपल्याची शिट्टी. मग काय गोंधळ झाला ते विचारू नका, भिंतीवरची पोरं उड्या मारून आत आली.

त्या गर्दीतून मला शकू दिसली. ती अजून त्याच टोकाला होती, खांबाशेजारी, कोणी तरी तिला बसती करून पाणी पाजत होतं.

शकू तिथे… मग मला खो कोणी दिला? मी वळून मधली पट्टी पाहिली. बाकीच्या सात मुली आपापल्या चौकोनातून आता उठत होत्या. माझ्या मागे, माझ्या चौकोनापाशी, कोणी नव्हतं. माझ्या मनात एकच आलं, मी फाउल उठले. भास झाला आणि मी उठले.

मी सरळ पंचांकडे गेले. ग्राउंडच्या आमच्या अर्ध्या भागातले पंच, उंच, कडक मिशांचे.

"सर, मी फाउल उठली."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. मले खो कोणी देल्लाच नाही. आमची गडी तिकडं पडली हाये."

त्यांनी शकूकडे पाहिलं. माझ्या चौकोनाकडे पाहिलं. पुन्हा शकूकडे. मग म्हणाले, "खो मी ऐकला. पाठीला हात लागलेला पाहिला. नुसता आवाज असता तर मीच फाउल दिला असता."

"कोणाचा हात होता, सर?"

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "हे बघ मुली," ते म्हणाले, "पंचानं हात पाहायचा असतो. चेहरे पाहत बसलो तर खेळ निघून जातो. निकाल बदलत नाही."

तेवढ्यात पुष्पा आली, धापा टाकत. मी तिला म्हटलं, तू तरी सांग, कोणी खो दिला होता का? ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "दीदी, क्या बात कर रही हो? मैंने सुना, तभी तो पलटी. वरना मैं क्यों पलटती?" तिच्या कोचनेही तक्रार केली नाही. त्यांनीही ऐकला होता.

म्हणजे बघा. ग्राउंडवर, कडेला, भिंतीवर… ज्याला विचारावं त्याने तो खो ऐकला होता. आणि तो देऊ शकणारी एकच मुलगी दुसऱ्या टोकाला श्वास अडकून पडली होती. शकूला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "येडी झाली काय वं? मले माय आठवून राहिली होती, खो कुठून देऊ." मग तिने माझ्या चौकोनाकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्या चौकोनाकडे पाहिलं, आणि मातीत बसून रडायला लागली. आयुष्यात मी शकूला तेव्हा एकदाच रडताना पाहिलं. "मीच बसवून ठेवलं ना त्याईले," एवढंच म्हणत होती.

कॉलेजच्या मॅडम आल्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं. बक्षीस पदरात पडत असताना तोंड बंद ठेवायची अक्कल मला नव्हती आणि अजून नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जिंकलेली मॅच स्वतःहून परत द्यायला गेलेली मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. जूनमध्ये ये. मला येऊन भेट."

बक्षीस समारंभ झाला. पाहुणे गेले, जरीपटक्याच्या मुली गेल्या, पण वस्ती हलली नाही. ऊन अजून शाळेच्या भिंतीवर होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही जाऊन मधल्या पट्टीवर बसलो. सात जणी. टाकीकडून दुसरा चौकोन रिकामा. कडेला म्हातारी माणसं उभी राहिली, त्यांनी टोप्या काढल्या. काकू पुढे आल्या.

शकू खांबापासून निघाली. लंगडत होती, तरी धावली. त्या चौकोनामागे येऊन वाकली, हवेत तळहात टेकवला. तिचा खो नेहमी दणदणीत असायचा. त्या दिवशी ती हळू म्हणाली, "खो."

आम्ही एक श्वास थांबलो.

काही झालं नाही. वारा सुटला नाही, धूळ उडाली नाही, तसलं काही लिहायची माझी इच्छाही नाही. पण इतके दिवस त्या चौकोनाशेजारी बसताना पाठीमागे कोणी तरी असल्यासारखं जे बरं वाटायचं, ते राहिलं नाही. नुसती माती होती. काकू म्हणाल्या, "गेले बाप्पा. चला आता, पोरी उपाशी आहेत." आणि त्यांच्या घरी त्या रात्री सगळ्या टीमने पोटभर झुणका-भाकर खाल्ली.

घरी परतताना बाबा आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "थो खो कोणाचा होता ते मले विचारू नको. मी टाकीपाशी उभा होतो. ऐकला मी." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "मौद्याले उद्याच निरोप धाडतो. पोरगी शिकून राहिली म्हणून सांगतो."

त्याच आठवड्यात दोन्ही खांब उपटले गेले. व्यापाऱ्याने ते मंडळाच्या लोकांना नेऊ दिले, आमच्या एका जुन्या खेळाडूने ते आपल्या गावच्या शाळेत रोवले असं ऐकलं. ग्राउंडवर पत्र्याचं गोदाम उभं राहिलं. मंडळ पुन्हा कधी सुरू झालं नाही. पण मंडळातून गेलेली माणसं जिथे जिथे गेली तिथे त्यांनी काही ना काही सुरू केलं. कुणी शाळेत, कुणी रेल्वेच्या कॉलनीत, कुणी आपल्या अंगणात. शकूने लग्न झाल्यावर सासरच्या गावी मुलींची टीम उभी केली, आणि सासऱ्यांनी विरोध केला तेव्हा म्हणे तिने त्यांनाच पंच केलं. एवढ्याशा जागेने, चाळलेल्या मातीने आणि बिघडलेल्या लुगड्यांनी किती माणसं उभी केली याचा विचार केला की मला अजून आश्चर्य वाटतं. त्या संध्याकाळपेक्षाही जास्त वाटतं.

राहिला तो खो. मी पुढे खूप विचार केला. लोकांच्या ओरड्यातला एखादा शब्द असेल. दमलेल्या अंगाचा भास असेल. पण मग पंचांनी पाहिलेला हात? पुष्पाचं पलटणं? दुसऱ्यांचे अनुभव वाचते तेव्हा मी लगेच कारणं शोधते, या एका अनुभवाला मात्र मला कारण सापडलेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर सांगा. मी भूत तरीही मानत नाही. गुरुजींना मानते.

त्या जूनमध्ये मी कॉलेजात गेले. विद्यापीठाच्या टीममधून खेळले, बी.ए. झाले, त्यानंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि रिटायर होईपर्यंत शाळेत मुलींना खो-खो शिकवला. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली.